मुरणे, विटणे आणि नारायणगावची शॅम्पेन

मराठीत ‘जुने होणे’ या एका क्रियेसाठी अनेक शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द निवाडा देऊनच येतो. लोणचे मुरते, दूध नासते, पीठ आंबते, भाजी कुजते, पितळी भांड्यातले ताक कळकते, शालू विरतो, रंग विटतो आणि मनही विटते. काळ सगळ्यांवरून सारखाच गेलेला असतो. कोणाचे काय झाले हे मात्र भाषेने वेगवेगळे नोंदवून ठेवलेले आहे. त्यातही ‘मुरणे’ हे क्रियापद विलक्षण आहे. पाणी जमिनीत मुरते, मीठ कैरीत मुरते, राजकारणात माणूस मुरतो आणि कुठेतरी पाणी मुरते आहे असे म्हटले की संशय सुरू होतो. ‘मुरंबा’ हा शब्द खरे तर अरबीतून आलेला. पण मराठी कानाने त्याला ‘मुरणे’च्या घरात केव्हाच दत्तक घेतले.

ही शब्दांची उजळणी एका परक्या वाटणाऱ्या विषयासाठी आहे. फ्रान्समधल्या बर्गंडी आणि शॅम्पेन या दोन प्रांतांतल्या वाइनी वर्षानुवर्षे ठेवल्या की त्यांचे नेमके काय होते, आणि तसे होण्यासाठी काय असावे लागते? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या ओळीने लागणाऱ्या स्टेशनांवर उतरून मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे, की मराठी समीक्षेने ‘नव्या बाटलीत जुनी दारू’ हा वाक्प्रचार अक्षरशः झिजवला आहे. मूळ दृष्टान्त बायबलमधला, आणि तो नेमका उलटा आहे: नवा द्राक्षरस जुन्या कातडी बुधल्यात भरू नये, बुधला फुटतो. तिथे जुनेपणा हा भांड्याचा दोष आहे. आपल्या समीक्षेत तो दारूचा दोष झाला. ज्या वस्तूला जुनेपणाने मोल येते म्हणतात, तिच्याच जुनेपणाला आम्ही शिळेपणाचे प्रतीक करून बसलो.

दुसरे उत्तर नारायणगावला आहे. तिथे पोचायला थोडा वळसा पडेल.

आधी बर्गंडी. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे उतरत गेलेली, चुनखडीच्या उतारांची ही चिंचोळी पट्टी. तिथली नामांकित तांबडी वाइन पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षाची, पांढरी शार्दनेची. तांबड्या वाइनीत द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन नावाची तुरट द्रव्ये उतरतात. वाइन कोवळी असताना ती जिभेला ओढून धरतात. बाटली आडवी निजवून थंड अंधारात ठेवली, की ही तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांना जोडली जातात, मोठी होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मवाळतो. जांभळट लाल रंग विटकरी होऊ लागतो. वासातली चेरी-स्ट्रॉबेरी मागे सरते आणि ओल्या पाचोळ्याचा, अळंब्यांचा, कमावलेल्या कातड्याचा गंध पुढे येतो. बुचातून अतिशय थोडा प्राणवायू आत झिरपत असतो, त्याचाही या कामात हात असतो. आणि तोच प्राणवायू जरा जास्त झाला, की वाइन मुरत नाही, विटते. ‘विटकरी’ आणि ‘विटका’ हे शब्द मराठीत शेजारी राहतात खरे, पण एक विटेपासून आलेला आहे आणि दुसरा विटण्यापासून. बर्गंडीच्या बाटलीत हे अंतर फार थोडे असते.

ते किती थोडे, याचा धडा खुद्द बर्गंडीलाच मिळालेला आहे. १९९५-९६ नंतरच्या हंगामांतल्या अनेक नामवंत पांढऱ्या वाइनी, ज्या पंधरा-वीस वर्षे टिकाव्यात अशी अपेक्षा होती, त्या सात-आठ वर्षांतच तपकिरी पडून निःसत्त्व निघू लागल्या. बुचे, द्राक्षे दाबण्याची बदललेली रीत, गंधकाचे घटवलेले प्रमाण अशी अनेक कारणे पुढे आली. कोणत्याही एकावर दोष टाकता आला नाही. शेकडो वर्षांच्या परंपरेलाही आपली वस्तू का मुरते हे पुरते ठाऊक नसते. आम्हांला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते.

शॅम्पेनचे मुरणे दुहेरी आहे. तिथे तयार वाइन बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून पुन्हा आंबवतात. त्यातून निघणारा वायू बाटलीत कोंडला जातो आणि दाब सुमारे सहा वातावरणांइतका चढतो. काम संपले की यीस्ट मरते, तळाशी साचते आणि त्या मेलेल्या पेशी महिनोन्‌महिने विरघळत राहतात. ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा जो वास शॅम्पेनला येतो तो या गाळाचा. नियमाने साध्या शॅम्पेनला किमान पंधरा महिने आणि एकाच वर्षाच्या पिकाच्या, म्हणजे व्हिंटेज, शॅम्पेनला किमान तीन वर्षे तळघरात काढावी लागतात. गाळ अंगाशी असेपर्यंत वाइन जणू वयच घेत नाही, कारण तो गाळच प्राणवायू शोषून घेतो. गाळ काढून खरे बूच मारले की दुसरे वय सुरू होते: बुडबुडे मंदावतात, रंग सोनेरी होतो, मध आणि अक्रोड जाणवू लागतात. बोलँजे या घराण्याने १९५२ सालची वाइन गाळावर तशीच निजवून ठेवली आणि १९६७ मध्ये ‘नुकताच गाळ काढलेली’ अशा नावाने विकायला आणली. गाळाला सोबती मानणारी ही दृष्टी आहे. आपल्याकडे ‘गाळीव’ म्हणजे निवडक. तिथे न गाळणे ही निवड.

२०१० मध्ये बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलँड बेटांजवळ, एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षे त्या थंडीत आणि अंधारात होत्या. फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी २०१५ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध केली. साखर लिटरला जवळजवळ दीडशे ग्रॅम, म्हणजे आजच्या मानाने अतोनात. उघडल्याबरोबर जनावराच्या ओल्या केसांसारखा वास. मग हवा लागल्यावर धूर, मसाले, चामडे, फुले. समुद्राने जी राखण केली ती सांभाळणाऱ्या माणसाशिवाय झाली. पण बाटल्यांवरची लेबले मात्र पाण्याने खाल्ली होती आणि बुचांवरच्या खुणांवरून घराण्यांची नावे ओळखावी लागली. वस्तू टिकली, तिचे नाव मोठ्या कष्टाने मिळाले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, ही समजूत फारशी प्राचीन नाही आणि खरीही नाही. जगात होणारी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायची असते. रोमनांना जुन्या वाइनीचे कौतुक होते, इ. स. पू. १२१ हे ओपिमियस कॉन्सुल असतानाचे वर्ष त्यांनी शतकभर मिरवले. पण प्लिनी सांगतो, की त्याच्या काळापर्यंत ती वाइन कडवट मधासारखी घट्ट झाली होती आणि नुसती पिता येत नव्हती. पेट्रोनियसच्या कथेत नवश्रीमंत त्रिमाल्किओ हीच वाइन शंभर वर्षांची म्हणून पाहुण्यांपुढे ठेवतो, तो त्याच्या अडाणी थाटामाटावरचा विनोद आहे. पुढे मातीच्या सीलबंद कुंभांची जागा लाकडी पिंपांनी घेतली आणि मध्ययुगात नवी वाइन महाग, जुनी स्वस्त असा बाजार झाला, कारण पिंपात ती विटत असे. जुनेपणाला पुन्हा किंमत आली ती सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड काच बनू लागली आणि बुचाची सोय झाली तेव्हा. शॅम्पेन बाटलीतून वाहून नेण्याची राजाज्ञा १७२८ ची आहे. दोम पेरिन्यों या साधूने बुडबुडे शोधले ही कथा मागाहून रचलेली.

आमच्या व्यवसायबंधूंचा एक उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बर्गंडी बरी की शॅम्पेन, हा वाद चौदाव्या लुईच्या काळात वैद्यांमध्ये पेटला होता. १७११-१२ मध्ये तो पॅरिस विद्यापीठातल्या दोन अध्यापकांनी लॅटिन कवनांतून लढवला: बेनीन्य ग्रनाँ बर्गंडीच्या बाजूने, शार्ल कोफँ शॅम्पेनच्या. अध्यापकांच्या भांडणातून साहित्य निर्माण झाल्याचे उदाहरण विरळाच.

आता आपल्या बाजूला येऊ. जुन्या मद्याचे गुण संस्कृत परंपरेला उत्तम ठाऊक होते. चरकसंहिता नवे मद्य जड आणि दोष वाढवणारे मानते, जुने मद्य हलके आणि स्रोतसे मोकळी करणारे. कोणत्या औषधाचे वीर्य किती काळ टिकते हे शार्ङ्गधर सांगतो. चूर्ण दोन महिन्यांत निकामी होऊ लागते, गोळ्या आणि अवलेह वर्षभरात. आसवे मात्र जुनी झाली की गुणवान होतात. आसव करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. तुपाने माखलेले भांडे, त्यात द्राक्षे किंवा काढा, गूळ आणि धायटीची फुले. तोंड लिंपून भांडे धान्याच्या राशीत महिनाभर पुरायचे. धान्याची रास म्हणजे अंधार आणि न बदलणारे तापमान. रँसच्या खडूच्या खाणींत शॅम्पेनवाल्यांनी दहा-बारा अंशांचा जो गारवा मिळवला, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. धायटी आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्यात लाल फुलते. तिचे हे काम तिच्याकडे पाहून कोणाला सुचेल?

कौटिल्य तर एक पाऊल पुढे आहे. द्राक्षाच्या रसापासून होते ते ‘मधु’, आणि ते त्याच्या देशावरून ओळखावे, कापिशायन आणि हारहूरक, असे तो सांगतो. कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिले आहे. मद्याचे नाव गावावरून पडावे, हा बर्गंडीचा प्राण असलेला विचार व्याकरणाच्या सूत्रात बसलेला सापडतो. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात कालिदास उन्हाळ्याच्या सुखांमध्ये आंब्याची डहाळी आणि नवे पाटलपुष्प यांच्याबरोबर ‘पुराण’ शीधु ठेवतो. नव्याच्या शेजारी जुने, आणि दोन्ही रमणीय.

याच सुमाराची पश्चिम किनाऱ्याची हकीकत ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या टिपणात आहे. पहिल्या शतकातल्या या टिपणानुसार भडोच बंदरात वाइन उतरे. इटालियनला अधिक मागणी, मग लाओदिकियाची आणि अरबस्तानची. याच टिपणात ‘कल्लिएना’ येते. ते आमचे कल्याण, ज्याच्या वेशीवर लष्कराचा कॅम्प होता आणि फाळणीनंतर त्या कॅम्पात सिंधी निर्वासित उतरून उल्हासनगर झाले. कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट चढला की जुन्नर. घाटमाथ्यावर सातवाहनांचे लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. नेवासे आणि तेर इथल्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. पुढे फेरतपासणीत भारतभरच्या अशा खापरांपैकी काही इराकच्या बाजूच्या, आतून डांबर लावलेल्या कुंभांची निघाली. वाइन आली, प्यायली गेली, खापरे उरली. ती कोणी मुरवली, तिची चव कोणत्या शब्दांत सांगितली, याचा प्राकृत शिलालेखांत मागमूस नाही. त्या लेखांत आहेत लेणी आणि पोढी. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी कोरणाऱ्यांनी कातळात पाणी साठवले, तेही शतकानुशतके टिकेल असे.

नारायणगाव याच जुन्नर तालुक्यात आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेऊन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली बुडबुड्यांची वाइन बनवली. कंपनीचे नाव शॅम्पेन इंडाज. निर्यातीच्या बाटलीचे नाव ‘ओमर खय्याम’, देशातल्या बाटलीचे ‘मार्कीझ द पोंपादूर’. एकीकडे निशापूरचा कवी, दुसरीकडे पंधराव्या लुईची प्रेयसी; मधे जुन्नर तालुका कुठेच नाही. कौटिल्याने देशावरून नाव ठेवा म्हटले होते, त्याला ही दोन हजार वर्षांनी दिलेली बगल. अर्थात परक्या बाजारात आपली वस्तू नेणाऱ्याची अडचण आम्हांला समजते.

खय्याम मराठी वाचकाला परका नाही. फारसीचे व्यासंगी माधव जूलियन यांनी त्याच्या रुबाया मूळ फारसीवरून १९२९ मध्ये मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ रचली. पण खय्यामचा पेला आजचा आहे. उद्याचा भरवसा नाही म्हणून तो आज रिकामा करायचा. गाळावर वर्षानुवर्षे निजवायच्या वाइनीला त्याचे नाव देणे ही काव्यदृष्ट्या मोठी विसंगती होती.

या विसंगतीमागे एक मोठी पोकळी आहे. मद्याविषयीचे आपले आधुनिक साहित्य निषेधाचे साहित्य आहे. खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ १९१३ चे. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ आम्ही आजही वर्गात शिकवतो आणि सिंधूसाठी आजही वर्ग स्तब्ध होतो. ते साहित्य खोटे नाही. ज्यांच्या घरात दारूने राख केली त्यांच्यापुढे वाइनीचे रसग्रहण करायला आमची जीभ धजत नाही. आमच्या आसपासच्या वस्त्यांत हातभट्टीने केलेले नुकसान आम्ही पाहिलेले आहे. परंतु त्या साहित्यात, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात, मद्य एकच आहे. त्याला जात नाही, गाव नाही, वय नाही. तळीरामाला कोणत्या सालची हा प्रश्न पडत नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधल्या वाइनविक्रीचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू का?’ यावर जो गदारोळ झाला, तो राजकीय होता तितकाच शब्दकोशाचा होता.

नारायणगावचे पुढे काय झाले? २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, नाशिकला वाइनरी उभ्या राहिल्या, सगळीकडे वाइनच्या द्राक्षांची लागवड झाली. २००८ च्या जागतिक मंदीत मागणी खचली, नारायणगावची कंपनी कर्जात रुतली आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. नाशिककडे त्या दोन-तीन वर्षांत अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून खायची द्राक्षे लावली. वेल उपटली की नुसते पीक जात नाही, वेलीचे वय जाते. खोल गेलेल्या मुळांची जुनी वेल कमी पण घट्ट फळ देते, आणि मुरणाऱ्या वाइनीची सुरुवात तिथे होते. बर्गंडीतल्या रोमाने-काँती या सुमारे पावणेदोन हेक्टरच्या मळ्यातही १९४५ च्या हंगामानंतर वेली उपटाव्या लागल्या होत्या. त्या साली जेमतेम सहाशे बाटल्या झाल्या. नव्या लागवडीनंतर १९५२ पर्यंत त्या नावाची एकही बाटली निघाली नाही. सहा हंगाम मळा गप्प बसला. त्या १९४५ च्या बाटल्यांपैकी एक २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरना गेली, ही बातमी सगळ्यांनी वाचली. आम्हांला मात्र त्या सहा गप्प वर्षांचे मोल अधिक वाटते. हप्ते भरणाऱ्या आमच्या बागाईतदाराला सहा वर्षे गप्प बसण्याची सोय कोण देणार?

हवामानाचा मुद्दा टाळता येणार नाही. दख्खनची वेल पानगळ करून झोपत नाही. तिला एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी देऊन माणूसच ऋतू शिकवतो; काढणी माघ-फाल्गुनाच्या सुमारास. उष्णतेत द्राक्षातली आंबट आम्ले लवकर घटतात आणि मुरण्यासाठी तर आम्लता हवी. शिवाय दर दहा अंशांना रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. रँसच्या तळघरात जे दहा वर्षांत घडते, ते अंबरनाथच्या दुकानातल्या पत्र्याखालच्या फळीवर दोन वर्षांतच उरकते, आणि त्याला मुरणे म्हणत नाहीत. तरीही दिंडोरीला फ्रेंच शाँदों घराण्याची बुडबुड्यांची वाइन २०१३ पासून निघते आहे, अकलूजकडे इटालियन जातीची द्राक्षे लावून ठेवणीच्या वाइनी काढल्या जात आहेत. त्या किती मुरतील हे आजच सांगता येत नाही, कारण तेवढा काळच अजून गेलेला नाही.

जुन्या बाटलीचे दुसरे संकट खोटेपणाचे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोंसो घराण्याच्या क्लो सें-दनीच्या १९४५ ते १९७१ सालांच्या बाटल्या आल्या. घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे हजर झाले, कारण ती वाइन त्यांच्या घराण्याने १९८२ पर्यंत केलेलीच नव्हती. विकणाऱ्या रूडी कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. उल्हासनगरच्या नावावर ‘यूएसए’चा जो जुना विनोद सांगतात तो ऐकून कंटाळलेल्या आम्हांला, न्यूयॉर्कच्या उच्चभ्रूंनाही स्वयंपाकघरात मिसळलेली बर्गंडी ओळखता आली नाही, हे वाचून थोडे हसू आले. पण मुद्दा वेगळा आहे: खोटे पकडले गेले ते जिभेने नव्हे, वहीने. कोणत्या साली काय केले हे घराला माहीत होते.

म्हणून नावाकडे परत. बर्गंडीच्या बाराशेंहून अधिक नामांकित तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. त्यांची ती भारदस्त नावे मराठीत आणून पाहा: पेरियेर म्हणजे दगडखाणी, जनव्रियेर म्हणजे जुनिपरची झुडपे असलेली जागा, माँराशे म्हणजे बोडका डोंगर, शाँबेर्तँ म्हणजे बर्तँचे शेत. सगळी कुणब्यांची भाषा. आमच्या ठाणे जिल्ह्यात तरी निराळे काय आहे? सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, बोलण्यात मात्र चिंचेचे शेत, खडकाळी, मळई. २०२३ मध्ये बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या कायद्याने शॅम्पेनचे नाव भारतात राखले जाते त्याच कायद्याने. आणि ते फळ तर दोन दिवससुद्धा टिकत नाही. ‘नाशिक व्हॅली’लाही मानांकन आहे आणि दिंडोरी हे तालुक्याचे नाव बाटलीवर चढले आहे. शेताचे नाव आमच्या पाहण्यात तरी अजून चढलेले नाही. मळ्यात छाटणी, घड, मणी, गोडी हे शब्द चालतात; बाटलीत भरताच ते सारे इंग्रजी होते, आणि चाखण्याच्या खोलीत पाहुण्यांना जे सांगितले जाते त्यात तुरट, कळकट, उग्र, मवाळ, मुरलेले यांपैकी एकही शब्द नसतो. शब्दांवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांच्या वाट्याचे काम तिथे पडून आहे. तिथल्या मजुरांना आणि बागाईतदारांना वाइन चाखायला देऊन, ते काय म्हणतात ते साल आणि शेताच्या नावासकट वहीत उतरवून ठेवायचे.